नाव विचारू नका, वजन करा

जुनं रिमोटचं विमान हातात आलं की माणूस पहिली गोष्ट काय करतो? फोटो काढतो. दुसरी गोष्ट? तो फोटो ओळखीतल्या दहा जणांना पाठवून विचारतो, "हे कोणतं मॉडेल आहे रे?" मग कोणीतरी छातीठोकपणे एक नाव सांगतं, आणि पुढच्या रविवारी ते विमान हवेत जातं. किंवा हवेत जाण्याचा प्रयत्न करतं आणि कोणाच्या तरी द्राक्षबागेच्या तारांत अडकतं.

माझं भांडण त्या प्रश्नाशी आहे. "हे कोणतं मॉडेल?" हा प्रश्न वाईट नाही, पण तो पहिला प्रश्न नाही. खरं तर पहिल्या पाचातही त्याला जागा नाही. आणि आपण, म्हणजे दिवसभर स्क्रीनसमोर बसून नावांवर जगणारी जमात, तो एकच प्रश्न विचारून समाधानी होतो, याचा मला राग येतो.

नाशिकमध्ये हा विषय निघणं साहजिक आहे. 1964 पासून ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे. मिग-21 तिथे बनली, नंतर सुखोई-30 बनली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या नव्या लाइनवर तयार झालेलं पहिलं तेजस एमके-1ए उडालं. जेटचा आवाज आला की मान वर करायची सवय इथल्या पोरांना उपजत असते. ती पोरं पुढे आयटीत जातात, हातात पगार येतो आणि मग लहानपणी राहून गेलेली हौस डोकं वर काढते. नवीन किट, इंजिन, रेडिओ असा सगळा संसार मांडायचा तर खिसा हलका होतो. त्यामुळे सेकंडहँड. कोणाच्या तरी काकांनी माळ्यावर ठेवलेलं, परदेशातून परतलेल्या कुटुंबाने काढून टाकलेलं, भंगारवाल्याकडे आलेलं. यात गैर काहीच नाही. उलट चांगलं विमान कचऱ्यात जाण्यापेक्षा कोणी उडवलेलं बरं.

पण ओळख पटवायची म्हणजे काय करायचं, हे आधी ठरवू.

माझ्या एका मित्राने असंच एक विमान घेतलं. विकणारा म्हणाला, "साहेब, इम्पोर्टेड आहे. दुबईहून आलंय. एकदम चालू." मित्राने फोटो फिरवला. एक म्हणाला सिग कंपनीचं कॅडेट. दुसरा म्हणाला टेलिमास्टर. तिसरा म्हणाला, "अरे, हे तर सेस्ना!" (आपल्याकडे पंख वरच्या बाजूला असलेलं प्रत्येक विमान सेस्नाच असतं, जशी एकेकाळी प्रत्येक वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे.) तीन माणसं, तीन नावं, आणि तिघांपैकी एकानेही विचारलं नाही की त्याचं वजन किती आहे.

आम्ही ते टेबलावर घेतलं. बॅग मोजायच्या काट्याला लटकवलं. 3.4 किलो. टेपने मोजलं. पंखाची लांबी 152 सेंटिमीटर, रुंदी 28. मग इंजिन खोललं, तर मागच्या लाकडी पाटीवर बोल्टच्या भोकांचे दोन संच. नाकात आत शिसं चिकटवलेलं. आणि रिसीव्हरमधून बाहेर आलेली जवळपास एक मीटर लांबीची लोंबती तार.

ज्यांनी दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड सांभाळलाय त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. फंक्शनचं नाव काहीतरी सांगतं, आतला कोड वेगळंच करतो. मध्येच कॉमेंट करून ठेवलेल्या चार ओळी असतात, त्यांच्यावरून कळतं की इथे पूर्वी काहीतरी होतं आणि कोणीतरी ते घाईत बदललंय. या विमानाचंही तसंच. भोकांचे दोन संच म्हणजे इंजिन एकदा तरी बदललंय. नाकातलं शिसं म्हणजे आताचं इंजिन आधीच्यापेक्षा हलकं असणार आणि तोल सावरायला कोणीतरी वजन भरलंय. आता सांगा, हे कॅडेट असो की टेलिमास्टर, कंपनीच्या मॅन्युअलमधला कोणता आकडा या विमानाला लागू होतो?

"पण नाव कळलं की मॅन्युअल मिळतं ना" हा समोरच्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि तो खोटा नाही. कारखान्यातून आलेलं, न बदललेलं, त्याच इंजिनावर उडालेलं विमान असेल तर नाव कळल्यावर अर्धं काम होतं. पण सेकंडहँड विमान असं क्वचित असतं. आदळणं आणि दुरुस्त होणं हेच मॉडेल विमानाचं आयुष्य आहे. प्रत्येक दुरुस्तीत इपॉक्सी वाढतं, वजन वाढतं, शेपटीचा कोन थोडा सरकतो. शिवाय सारख्याच दिसणाऱ्या ट्रेनरचे सांगाडे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. आणि आपल्याकडची कित्येक विमानं तर प्लॅनचा कागद समोर ठेवून, बाल्सा नाहीतर कोरोप्लास्ट किंवा थर्माकोल कापून घरीच बनवलेली असतात. त्यांना नावच नसतं. नसलेलं नाव शोधत बसण्यात लोक दोन दोन महिने घालवतात.

मोठ्या विमानांतही नाव पुरत नाही, हे नाशिककरांना सांगायला नको. "मिग-21" हे एक नाव, पण ओझरला बनलेल्यांत एफएल, एम आणि बिस असे वेगवेगळे प्रकार होते आणि त्यांची अंतर्गत रचना वेगळी होती. सप्टेंबर 2025 मध्ये हवाई दलाने मिग-21 निवृत्त केलं, तोपर्यंत प्रत्येक विमानाची ओळख होती ती त्याचा क्रमांक, त्याने केलेले तास आणि त्याच्या नोंदी. ओव्हरहॉलला आलेल्या विमानाकडे बघून कोणी "मिग आहे, उडवा" असं म्हणत नाही. आपण मात्र आपल्या विमानाबद्दल नेमकं तेच म्हणतो.

तर मग ओळखायचं कसं? माझा क्रम असा आहे. पटला तर घ्या.

सर्वात आधी, ते खरंच रिमोटचं आहे का बघा. हसू नका. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग अनेक वर्षं चालत आलंय आणि त्यात कंट्रोल लाइन नावाचा प्रकार असतो. उडवणारा मध्ये उभा राहतो, हातात हँडल, दोन तारा, आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. रेडिओचा संबंधच नाही. असं विमान जुन्या बाजारात "रिमोटचं आहे, फक्त रिमोट हरवलाय" म्हणून विकलं जाऊ शकतं. खूण सोपी आहे. एका पंखाच्या टोकातून दोन तारा बाहेर आलेल्या दिसतात आणि आत मध्यभागी एक तिकोनी हलणारी पट्टी असते. त्यात रिसीव्हर कोंबून ट्रेनर बनवायच्या भानगडीत पडू नका. त्या विमानाचा जन्म दुसऱ्या कामासाठी झालाय.

दुसरं वजन, आणि त्याचा पंखाच्या क्षेत्रफळाशी भागाकार. आमच्या विमानाचं क्षेत्रफळ 152 गुणिले 28, म्हणजे साधारण 42.5 चौरस डेसिमीटर. 3400 ग्रॅमला त्याने भागलं की दर चौरस डेसिमीटरला 80 ग्रॅम येतात. या आकाराचे शिकाऊ ट्रेनर साधारण 50 ते 65 च्या दरम्यान असतात. म्हणजे दिसायला ट्रेनर, पण स्वभावाने ट्रेनर नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, उन्हात हवा आणखी विरळ होते. ते धरून ढोबळ हिशेब केला तर अडीच किलोचं हेच विमान ताशी 34 किलोमीटरच्या आसपास हवेत टिकेनासं होतं, 3.4 किलोचं 39 च्या आसपास. पाच किलोमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पहिल्यांदा उतरवणाऱ्या माणसाला तो क्षुल्लक वाटत नाही. ही माहिती कोणत्याही फोटोत दिसत नाही.

तिसरा तोल. गुरुत्वमध्य, छंदवाल्यांच्या भाषेत सीजी. साध्या आयताकृती पंखाला तो पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा लागतो. 28 सेंटिमीटरच्या पंखाला 7 ते 9 सेंटिमीटर, आणि पहिल्या उड्डाणाला सातच्या जवळ. टाकी रिकामी ठेवा, पंखाखाली दोन बोटं धरा आणि बघा कुठे तोलतंय ते. नाक जड असेल तर विमान आळशी उडतं. शेपूट जड असेल तर ते बहुधा एकदाच उडतं.

चौथं इंजिन. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो. ओएस किंवा एन्यासारख्या जपानी इंजिनांवर 40, 46 असं असेल तर ते घन इंचाचे शतांश आहेत. 40 म्हणजे साधारण साडेसहा सीसी, 46 म्हणजे साडेसात. डोक्यावर ग्लो प्लग दिसला तर ते मिथेनॉलवर चालणारं. प्लगच नाही आणि डोक्यावर फिरवायचा स्क्रू आहे, तर ते डिझेल. कलकत्त्याला बनणारी अरोरा डिझेल आपल्याकडच्या कितीतरी जुन्या विमानांवर होती. या डिझेलला पेट्रोल पंपावरचं डिझेल चालत नाही, त्याच्या इंधनात ईथर लागतं. आणि इंजिन जाम असेल तर पकडीने पिरगाळू नका. बऱ्याचदा आत एरंडेल तेल सुकून डिंकासारखं झालेलं असतं. गरम केलं की सुटतं.

पाचवा रेडिओ, आणि माझ्या मते फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते. त्या लोंबत्या तारेकडे परत या. एक मीटरची तार म्हणजे जुना मेगाहर्ट्झवाला रिसीव्हर. 2.4 गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरची उघडी तार जेमतेम तीन सेंटिमीटर असते, कारण तरंगाची लांबीच तेवढी कमी. मित्राच्या विमानासोबत आलेला ट्रान्समीटर होता 2.4 चा. म्हणजे रिमोट एकाचा, विमान दुसऱ्याचं, लग्न लावलं विकणाऱ्याने! "एकदम चालू" याचा अर्थ रिमोटचा दिवा लागतो एवढाच होता. जुन्या रिसीव्हरमध्ये क्रिस्टल असतो आणि त्यावर आकडा छापलेला असतो. 72 चा पट्टा अमेरिकेत विमानांसाठी, 75 चा तिथेच गाड्यांसाठी, 35 चा ब्रिटन-युरोपात. आपल्याकडे 2005 मध्ये 2.4 चा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त झाला. अमेरिकेतून आलेला 72 चा सेट त्यामुळे इथे आपोआप वैध होत नाही. आणि दोन्ही बाजू 2.4 च्या असल्या तरी काम झालं असं समजू नका. फुटाबा, स्पेक्ट्रम, फ्लायस्काय यांच्या भाषा वेगळ्या आहेत, एकाचा ट्रान्समीटर दुसऱ्याच्या रिसीव्हरशी बोलत नाही. जुन्या सान्वा सेटमध्ये तर प्लगच्या पिनांचा क्रमच वेगळा असायचा. चुकीचा जोडला की धूर.

सरळ उपाय सांगतो. जुना रिसीव्हर आणि जुनी बॅटरी काढून शोकेसमध्ये ठेवा, नवीन 2.4 चा जोड घ्या. विमान सेकंडहँड चालेल. रेडिओ सेकंडहँड घ्यायचा असेल तर तो ओळखता आला पाहिजे, नाहीतर घेऊ नका.

इथवर वाचून काही जण म्हणतील, "एवढं काय त्यात? छंद आहे, रॉकेट सोडायचंय का?" ठीक आहे, थोडं गणित करू. 3.4 किलोचं विमान ताशी 60 किलोमीटरने येत असेल तर त्याची गतिज ऊर्जा 470 ज्यूलच्या आसपास होते. ताशी 140 ने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूची साधारण 120. म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या जवळपास चौपट, आणि पुढे दहा इंची प्रोपेलर लावलेला. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर त्या प्रोपेलरचं टोक ताशी 480 किलोमीटरच्या आसपास फिरत असतं. बॅटिंग करणारा निदान हेल्मेट घालतो. सकाळी गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर चालायला आलेल्या आजोबांनी काय घालायचं? आणि "सकाळी मैदान मोकळं असतं, तिथे ट्रायल मारू" हे वाक्य मी एकापेक्षा जास्त सुशिक्षित तोंडांतून ऐकलंय.

दुसरी गोष्ट, आपण कुठे राहतो याची जाणीव ठेवा. एका बाजूला ओझर, गांधीनगरला लष्कराच्या हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, देवळालीला तोफखान्याचं, नाशिक रोडला नोटांचा छापखाना. या शहरात आकाशाकडे बघणारी माणसं पगारी आहेत. 2021 च्या ड्रोन नियमांत "मॉडेल" हा वेगळा प्रकार सांगितलाय. 25 किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण म्हणून लाल-पिवळ्या झोनचे नियम सुटत नाहीत. आणि बघा, त्या नियमांतही वर्गवारी नावावर नाही, वजनावर आहे. 250 ग्रॅम, 2 किलो, 25 किलो. बिगरव्यावसायिक वापरात 2 किलोपर्यंत पायलटच्या प्रमाणपत्रातून सूट दिली होती, त्याच्या वर ती सूट नाही. म्हणजे "माझ्याकडे कॅडेट आहे" हे सरकारच्या दृष्टीने काहीच सांगत नाही. "माझ्याकडे 3.4 किलो आहे" हे सगळं सांगतं. सरकारी भाषेबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण इथे ती आपल्यापेक्षा शहाणी आहे. (नियम बदलत असतात. उडवायच्या दिवशीचे नियम आणि झोनचा नकाशा स्वतः तपासा, माझ्या ब्लॉगवर विसंबू नका.)

मला राग येतो तो फक्त घेणाऱ्यांचा नाही. विकणाऱ्यांचा, आणि त्याहून जास्त बनवणाऱ्यांचा. ज्याने नाकात शिसं भरलं त्याला नेमकं माहीत होतं की किती भरलं आणि का भरलं. त्याने ते कुठेही लिहून ठेवलं नाही. "माझंच तर विमान आहे, माझ्या लक्षात आहे." हे वाक्य कुठे ऐकलंय बरं? कॉमेंट न लिहिणारा प्रत्येक प्रोग्रामर हेच म्हणतो. मग तो दुसऱ्या कंपनीत जातो, किंवा विमानाच्या बाबतीत, एक दिवस या जगातूनच जातो. घरच्यांच्या हाती उरतं ते नाव नसलेलं लाकूड, आणि भंगारवाला त्याला किलोवर भाव देतो. त्या माणसाने शंभर संध्याकाळी खर्चून मिळवलेलं ज्ञान अशा रीतीने फुकट जातं. पुढचा माणूस ते पुन्हा पहिल्यापासून शिकतो, बहुतेक वेळा विमान आपटून.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. तुमच्याकडे एक जरी विमान असेल तर आज संध्याकाळी पंख काढा आणि आतल्या फळीवर, जिथे इंधन पोचत नाही तिथे, पर्मनंट मार्करने सात ओळी लिहा. उड्डाणाच्या तयारीतलं वजन. पंखाची लांबी-रुंदी. पुढच्या कडेपासून सीजी किती सेंटिमीटरवर. इंजिन किंवा मोटर आणि प्रोपेलरचा आकार. रिसीव्हर कोणता. थ्रॉटल डाव्या काडीवर की उजव्या. शेवटची मोठी दुरुस्ती कुठे आणि कधी. नाव लिहायचं असेल तर आठव्या ओळीत लिहा, हौस म्हणून.

आणि विकत घेताना "हे कोणतं मॉडेल आहे?" असं विचारू नका. "वजन किती, तोल कुठे, रिसीव्हर कोणता?" असं विचारा. विकणारा उत्तर देऊ शकला तर दोन पैसे जास्त द्या, कारण तो तुम्हाला विमान विकतोय. उत्तर देता आलं नाही तर तो तुम्हाला लाकूड विकतोय. लाकूड घ्यायलाही हरकत नाही, फक्त भाव लाकडाचा द्या, आणि सगळे आकडे स्वतः काढून होईपर्यंत ते टेबलावरच राहू द्या.

मित्राच्या विमानाचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्याबद्दल बाकी सगळं मात्र आता आत लिहिलेलं आहे.